काकांचं गिरगावातलं चित्र

जुन्या घरांची चित्रं तरी जपायला हवीत म्हणताय, म्हणून माझ्या काकांचं सांगते. काका परळच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. गिरगावातली नक्षीदार सज्ज्यांची लाकडी घरं मालक पाडायला लागले होते. ती निदान कागदावर राहावीत म्हणून काका दर रविवारी जाऊन चित्रं काढत बसायचे.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. नुकताच गोळीबार झाला होता आणि पोलीस घराघरांतून पोरं उचलत होते. काकू नको म्हणत असताना काका गेले. एका घरासमोर बसले, तर तिथली पोरं येऊन उभी राहिली.

"आमच्या घराचं काय काढताय?"

"नीट काढून ठेवतोय. हे घर आता फार दिवस राहायचं नाही."

पोरांना वाटलं, हा पोलिसांचा माणूस. आपण परळच्या शाळेतले मास्तर आहोत हे काका समजावून सांगेपर्यंत कागद फाटला होता आणि उजवा हात मोडला होता. तो हात पुढे कधी सरळ झाला नाही. चित्रं कायमची थांबली.

काही वर्षांनी ते घर पाडलं. मग एक तरुण शाळेत पत्ता विचारून आमच्याकडे आला.

"मास्तर, तुमचा हात धरून ठेवला होता तो मी," तो म्हणाला. "आता घर गेलं, आईही गेली. ती बसायची तो वरचा सज्जा तुमच्या चित्रात आहे का?"

काकांनी चिकटवून ठेवलेला कागद त्याच्यापुढे धरला. खालचं दार होतं, जिना होता, वर काहीच नव्हतं.

"तिथवर पोचलो नव्हतो रे," काका म्हणाले.