माझ्या पेशींचे पंप आणि बायकोचा दाब

...आणि वर मलाच म्हणते, "मामा, तुमचे पंप मंद चालतायत." मला! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी पाण्याचे पंप उघडून दुरुस्त करतोय, आणि ही माझी भाची, जिला मी सायकल शिकवली, ती आता प्रयोगशाळेत रक्तदाबावर प्रबंध लिहिते आणि मला सांगते की रक्ताच्या एकेका पेशीला शेकडो पंप असतात, ते आत शिरलेलं सोडियम, म्हणजे आपलं मिठातलंच, बाहेर फेकतात, त्यांना चालायला मॅग्नेशियम लागतं, ते माझ्यात कमी, म्हणून सोडियम आत साचतं, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. म्हटलं, नक्की? म्हणते, "नक्की नाही, तेच तर शोधतेय." घ्या... म्हणजे हिचं नक्की नाही आणि माझं मीठ बंद? मी काही मीठ सोडणार नाही.

पण बायकोनं ऐकलं तर ना. उकडलेलं अंडं पुढ्यात ठेवते, पांढरंफटक, आणि समोर पहारा देत बसते. लोक दारू लपवून पितात हो, मी कामावर पान्यांच्या पेटीत मिठाची पुडी लपवायचो. लाज वाटायची, पण खायचो. सोडणार नाही म्हणजे नाही.

मग भाचीला तुलनेसाठी धडधाकट माणसं हवी होती. बायको तोऱ्यात म्हणाली, "मला घे की, मला काय धाड भरलीय?" भाचीनं तिच्या दंडाला पट्टा बांधला. पुन्हा बांधला. मग दुसऱ्या दंडाला. "मामी... एकशे नव्वद."

"तुझं यंत्र बिघडलंय," बायको म्हणाली आणि पट्टा ओढून काढला. तिची आई अशीच दाबानं गेली, ओट्याशी उभी असताना, एक बाजू लुळी पडून. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात ती घाबरलेली मी पहिल्यांदा पाहिली. पंप बदलता येतो हो, हे काय बदलू?

त्या दिवसापासून स्वयंपाक मी करतो. तिला डॉक्टरांकडे मीच नेलं, गोळ्या मीच देतो. भाजीत मीठ चिमटीभर, तेही हात आखडून. ती पहिला घास घेते. "मीठ विसरलात." "नाही विसरलो." मग दोघंही तेच अळणी जेवतो.

तिचा दाब उतरला, एकशे चाळीस. माझा मात्र एकशे साठावर अडलाय. भाची म्हणते, "मामा, आता चिडणंही सोडा." मीठ गेलं, चिडणंही गेलं... मग जेवताना तोंडी लावायचं तरी काय?