मूठ आपटली त्याची गोष्ट

दाताच्या डॉक्टरकडे बाकावर माझ्या शेजारी परराष्ट्र खात्यातले एक दुभाषी गाल धरून बसले होते. सोबत त्यांचा मेहुणा.

“भाऊजी, काल टीव्हीवर आपल्या मंत्र्यांनी शेजारच्या पंतप्रधानांना काय झापलं हो! ‘आमच्या बेटावरून चालते व्हा!’ टेबलावर मूठसुद्धा आपटली.”

“आपटणारच. कॅमेरे आपलेच होते.”

“आणि तुम्ही त्यांच्या भाषेत तस्संच सांगितलंत?”

“वेड लागलंय का मला? मी म्हटलं, बेटावरची हवा छान आहे, सवडीने राहा.”

“अहो! मंत्र्यांना कळलं तर?”

“त्यांचाच हुकूम आहे तो. आधीच्यांचाही होता. मंत्री बदलतात रे, मूठ तीच.”

“म्हणून ते पंतप्रधान हसत होते होय?”

“नाही ना! त्यांना लहानपणी आपल्याकडच्या बाईने सांभाळलंय. आपली भाषा त्यांना पक्की येते. मूठ, शिव्या, सगळं कळलं.”

“मेलो! मग?”

“मग काय, पोट धरून हसले. कॅमेरे गेल्यावर माझ्या कानात म्हणाले, ‘तुमच्या निवडणुका आल्यात ना? सांगून टाक, मी घाबरलो म्हणून.’”

“दिलदार माणूस! सांगितलंत ना?”

“सांगितलं. आपल्या मंत्र्यांना दरदरून घाम फुटला.”

“घाम कशाला? जिंकलो की आपण!”

“मला म्हणाले, ‘घाबरले? बाप रे! आधी माफी माग त्यांची. आणि विचार, दुसरं बेट हवंय का?’”