बंदुकीत काडतूस आहे का, चिलेशे?

...आणि वर तळावरचे मला म्हणतात काय, "लामेक, जरा हसत चाल, पाहुण्यांना हसरा माणूस आवडतो." अहो, हसू कुणाकडे बघून? माझ्या पुढे सहा पाठी आणि माझ्या मागे अख्खं जंगल! जंगलाकडे वळून हसू? तुम्हाला सांगतो, या फोटोवाल्यांना पायी फिरवायचं म्हणजे रांग ठरलेली असते. सगळ्यात पुढे बंदूक घेऊन चिलेशे, त्याच्या मागे आमचे वाटाडे बा वेडसन, मग चार पाहुणे आपापल्या कॅमेऱ्यांच्या तोफा गळ्यात अडकवून, आणि मी कुठे? सगळ्यात मागे. पाठीवर चहाची पेटी, पेटीत कप, बशा, डब्यात केक, हातात काळी किटली. कारण काय, तर लुआंग्वा नदीच्या काठी झाडाखाली बसून चहा प्यायल्याशिवाय या लोकांना जंगल बघितल्यासारखंच वाटत नाही. बरं, सिंह काय पुढून येतो? बा वेडसनना नमस्कार करून येतो? तो मागनं येतो. आणि मागे मी, ताज्या केकच्या वासासकट.

घाबरट म्हणा, खुशाल म्हणा. मला भीती वाटते, रोज वाटते, आणि मी ती कुणापासून लपवत नाही. बायको म्हणते, "मग सोडा ना ते काम, माझ्या भावाबरोबर कोंबड्या विका." तिच्या भावाला तुम्ही बघितलेलं नाही म्हणून, नाहीतर तुम्हीसुद्धा सिंह पत्करला असता.

पण इतकी वर्षं एक आधार होता, बंदूक. पुढे का असेना, आहे ना आपल्यात! तर तो आधार कुणी काढून घ्यावा माझा? चिलेशेने.

आता हा चिलेशे बेम्बा जमातीचा आणि मी न्गोनी, म्हणजे आमचं थट्टेचं नातं. आमच्या पणज्यांनी त्यांच्या पणज्यांना भाल्यांनी भोसकलं, त्यांनी आमच्यांना भोसकलं, शेवटी दोघंही दमले आणि ठरलं की आता भाले खाली ठेवा, यापुढे फक्त अपमान. तेव्हापासून बेम्बाने न्गोनीला काहीही बोलावं, न्गोनीने बेम्बाला काहीही बोलावं, रागवायचं नाही. तो मला म्हणतो उंदीरखाऊ, मी त्याला म्हणतो माकडखाऊ. उंदीर आम्ही खातो, त्यात लपवायचं काय, नीट मीठ लावून वाळवला तर... असो. इतकंच काय, उद्या मी मेलो तर माझ्या मयताला येऊन माझी नक्कल करण्याचा, खड्ड्यात उडी मारून "याला इथे घेऊ नका, हा घोरतो, शेजारचे मुडदे उठून बसतील" असं ओरडण्याचा हक्क चिलेशेचा, आणि माझ्या बायकोने रडता रडता हसायचं. चांगली रीत आहे, मी नाही म्हणत नाही. फक्त एक खोट आहे तिच्यात. या नात्यात माणूस खरं बोलला तरी कळत नाही.

तर परवा सकाळी मी चूल फुंकत बसलोय, किटली ठेवलीय, आणि हा येतो, शेजारी उकिडवा बसतो, हात शेकतो आणि हळूच म्हणतो, "पाव्हणं, आज काडतुसं नाहीत."

म्हटलं, "अक्कल पण नाही, ती कधी आणतोस?"

"नाही रे. दुसऱ्या पॅंटच्या खिशात राहिली. पॅंट घरी, घर नदीपलीकडे."

"आणि बंदूक?"

"बंदूक आहे की. लाकूड आहे, लोखंड आहे. आत काही नाही."

आणि बघतो माझ्याकडे. हसत नाही. आता हा चिलेशे थट्टा करताना कधीच हसत नाही, आणि खरं बोलताना हसतो का, ते मला ठाऊक नाही, कारण माझ्याशी तो खरं कधी बोललेलाच नाही! मग यात थट्टा किती आणि खरं किती? तुम्हीच सांगा.

मी तसाच उठलो आणि बा वेडसनकडे गेलो. म्हटलं, "बा वेडसन, चिलेशेच्या बंदुकीत काडतुसं नाहीत." त्यांनी टोपी घातली, दुर्बीण पुसली आणि म्हणाले, "लामेक, गेल्याच आठवड्यात तू मला सांगितलंस की चिलेशेला मगरीने नेलं. मी त्याच्या आईला कसं सांगायचं म्हणून रडत बसलो होतो, आणि तो मागे उभा राहून आंबा खात होता." आता ते मी म्हणालो होतो, खरं आहे. पण ती थट्टा होती! "हो, आणि हीसुद्धा," म्हणाले, आणि निघाली रांग. मी कुठे? सगळ्यात मागे.

काय सांगू ते चालणं... गवत कमरेएवढं, प्रत्येक वारूळ मला सिंहीण दिसतंय, प्रत्येक ओंडका मगर दिसतोय, पेटीतले कप किणकिण वाजतायत, आणि ते चालण्याने वाजतायत की माझ्या थरथरण्याने, हे माझं मलाच कळत नाहीये. आणि पाहुण्यांत एक फान डाइकबाई, हॉलंडच्या, सत्तरीच्या, काटकुळ्या, त्यांची तोफ सगळ्यांत लांब. त्या दर दहा पावलांवर थांबायच्या. "थांबा थांबा, उजेड येतोय." अहो बाई, उजेड रोजच येतो, आपण रोज येऊच असं नाही.

मग ओढ्याच्या वळणावर मला मागे चिखल हलल्यासारखा वाटला. वळून बघतो तर चिखल उठून उभा राहिला. रानरेडा. एकटा, म्हातारा, कळपाने हाकलून दिलेला. एकटा रेडा म्हणजे सिंह परवडला, सिंहाला निदान पोट भरलं की झोप येते, याचं कुणाशी जमतच नाही. ओरडायची सोय नाही, जंगलात ओरडायचं नसतं. मी दबक्या आवाजात पुढे हाक मारली, "चिलेशे... मागे रेडा."

पुढून तितक्याच दबक्या आवाजात उत्तर, "तुझा सासरा असेल. चहा विचार."

"अरे खरंच रेडा!"

"मग दोन चमचे साखर घाल."

आणि बा वेडसनचे खांदे हसण्याने हलतायत! रांग चाललीय पुढे, रेडा बघतोय माझ्याकडे. शेवटी बघितलं कुणी? फान डाइकबाईंनी. उजेड मागून येतोय का बघायला वळल्या आणि त्यांचं तोंड असं खुललं, जसं काही नातू आला भेटायला. "काय देखणा आहे!" म्हणाल्या आणि तिथेच एक गुडघा टेकून बसल्या. सगळे वळले. आणि रांग वळली म्हटल्यावर मी कुठे? सगळ्यात पुढे!

एका बाजूला रेडा, एका बाजूला तोफ, मध्ये मी किटली घेऊन. आणि बाई मला हाताने खूण करतायत, "लामेक, जरासा डावीकडे. तू फोटोत येतोयस." अहो, मी मरणात येतोय!

तेवढ्यात चिलेशे धावत आला आणि माझ्या पुढे उभा राहिला, बंदूक खांद्याला लावून. मला एवढं बरं वाटलं... तोच त्याने मान न वळवता विचारलं, "सकाळचं आठवतंय ना?" आणि मला त्याच्या मानेवरचा घाम दिसला. थट्टा करणाऱ्याला घाम येत नाही हो. तुम्हाला सांगतो, त्या क्षणाला मला कळलं की तो आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी खरं बोलला होता, आणि मी त्याला अक्कल विचारली होती.

रेडा निघाला. डोकं खाली घालून. चिलेशे हलला नाही. रिकामी बंदूक धरून तो माझ्या पुढे उभा होता आणि रेड्याला शिव्या घालत होता, आणि कुठल्या शिव्या? माझ्या! "उंदीरखाऊ, वाळक्या शेपटीच्या, चुलत्या, ये की पुढे!" सगळ्या न्गोनींसाठीच्या खास शिव्या, पिढ्यानपिढ्या जपलेल्या! आणि मी? मी बसलो तो पेटीसकट, पट्टा तुटला, पेटी उघडली, कप, बशा, केकचा डबा, झाकणं, चमचे, किटली, सगळं खडकावरून खाली घरंगळत, असा आवाज की झाडावरची माकडं ओरडत पळाली. आणि रेडा थांबला. त्याने आयुष्यात चहाची पेटी पडताना ऐकली नव्हती. फुसकन नाकातून हवा सोडली, वळला आणि गेला झुडपांत.

सगळे कुणाला मिठ्या मारतायत? चिलेशेला! बाई म्हणाल्या, "काय धैर्य!" आणि माझ्याकडे वळून, "केक सगळाच गेला का?"

मग झाडाखाली, उरलेल्या तीन कपांत पाहुणे आळीपाळीने चहा पितायत, तेव्हा चिलेशे माझ्याजवळ बसला आणि त्याने बंदूक उघडून दाखवली. आत बघितलं. नुसतं भोक. मी म्हटलं, "मला कशाला सांगितलंस सकाळी? बा वेडसनना का नाही?"

"त्यांना सांगितलं असतं तर नोकरी गेली असती."

"मग मला का?"

म्हणाला, "कुणाला तरी सांगायला हवं होतं रे. पोटात मावत नव्हतं. आणि तू विश्वास ठेवणार नाहीस हे माहीत होतं."

रागवायचं नाही, रीत आहे. तो माझ्या पुढे उभा राहिला होता, पळाला नव्हता, हेही खरं. मला हसूही येईना आणि रडूही येईना. परत आल्यावर मी तळावर सगळ्यांना सांगितलं, बंदूक रिकामी होती, मी डोळ्यांनी बघितली. स्वयंपाकी हसला, धोबी हसला, बा वेडसन तर डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही दोघं ना, जिवावर बेतलं तरी सुटत नाही तुमची थट्टा."

आज सकाळी पुन्हा मी चुलीपाशी आणि हा शेजारी उकिडवा. "पाव्हणं," म्हणाला, "आज आहेत हं काडतुसं." बघतोय माझ्याकडे, हसत नाही. मी चूल फुंकतोय. मग त्याने बंदूकच माझ्यापुढे धरली, "नसेल पटत तर उघडून बघ." माझा हात गेला पुढे. लोखंडाला लागला, गार... आणि मी घेतला मागे. म्हटलं, राहू दे. उघडली आणि रिकामी निघाली, तरी जायचं आहेच, कोण विश्वास ठेवणार आहे माझ्यावर? त्यापेक्षा न बघता चाललं, की निदान अर्धी तरी भरलेली असते.