फिरता व्हाइस

वरवंडच्या थांब्यावर दौंडच्या एसटीची वाट बघत होतो. शेजारी मामा-भाचे एकाच मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते.

"मामा, ह्यो व्हाइस बघा. स्वस्त हाय आन् फिरतोय पण."

"वेल्डिंगवाल्याकडं असतो तसला? एवढासा?"

"ह्यात माशाचा गळ घट्ट धरायचा. मंग त्याला दोऱ्यानं पिसं बांधून खोटा किडा करायचा. मासा फसतो."

"मंग फिरायला कशाला पायजे?"

"गळ फिरवला की दोरा सारखा बसतो. मागची बाजूबी दिसती."

"आन् ह्यो दुसरा? ह्यो तर आणखी स्वस्त हाय."

"त्याचा जबडा ढिला हाय, मामा. दोरा ओढला की गळ निसटतो, असं घेणाऱ्यांनीच खाली लिहिलंय."

"मंग पहिलाच घे. पिसं कसली लागत्यात?"

"कोंबड्याच्या मानेची. लालसर असली तर लई भारी."

"भारत."

"काय, मामा?"

"आपल्या कोंबड्याची मान कुणी उघडी केली?"

"थोडीच घेतली, मामा."

"आन् मी शेजारच्या शेवंताबाईच्या मांजरावर आळ घेतला!"

"मी आजच जाऊन शेवंतामावशीला खरं सांगतो."

"गप बस! मांजराच्या तोंडात पिसं ह्या डोळ्यांनी बघितली, असं मी चार माणसांत छातीठोक सांगितलंय."

"मंग आता?"

"आता व्हाइस मागव. आन् चार पिसं बाजूला काढ. मांजर झोपतं तिथं टाकून येऊ."