लाल पट्टा

पनवेलच्या एसटी स्टँडवर रांगेत कॉलेजातली एक मुलगी पुढच्या बाईंशी बोलत होती.

"भामामावशी, सरांनी फोटोवरून ओळखली. तुमच्या ओढ्याकाठच्या ऐनाच्या झाडावरची ती आमरी, म्हणजे ऑर्किड, फार दुर्मीळ आहे. उद्या ते स्वतः बघायला येतायत."

"ऐन तर सोमवारी तोडला गो."

"का? तो नव्या रस्त्यात येत नव्हता ना?"

"मी पन त्या रस्तेवाल्यांना तेच सांगितलं. ते म्हनाले, लाल पट्टा असलेलं झाड तोडायचं, आनि याला पट्टा हाय."

"तो पट्टा मी मारला होता, मावशी. सरांना झाड लगेच सापडावं म्हणून."

रांग सरकली तशी बाई एक पाऊल पुढे गेल्या, मुलगी त्यांच्या मागे सरकली.

"आणि ती फुलांची फांदी?"

"ती आमी चुलीला नेली. ओली हाय अजून, नुसता धूर होतो."