कार्डाच्या बिलाचं तिसरं पान

...आणि वर बँकेतली ती मुलगी मलाच विचारते, "काका, तुम्ही खालचं वाचलंच नाहीत का?" खालचं! अहो, एकतीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला हे विचारायचं? तुम्हाला सांगतो, महत्त्वाचं वर असतं! किती मेले, कुणी खाल्ले, किती खाल्ले... सगळं पहिल्या दोन ओळींत. खाली काय असतं? 'यावेळी परिसरातील मान्यवर उपस्थित होते.' ते कशासाठी असतं, ठाऊक आहे? कापायला! ऐनवेळी जाहिरात आली की पान लावणारा खालून कात्री चालवतो, आणि एकतीस वर्षांत एकाही वाचकानं पत्र लिहून विचारलं नाही की आमचे मान्यवर कुठे गेले. डोळ्यांना ती सवयच लागलीय. आणि ही बँक... ही बँक आपला कागद उलटा लिहिते!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. कार्ड मी मागितलं नव्हतं. पगार त्या बँकेत जमा होतो म्हणून त्यांनी ते गळ्यात मारलं, मी खणात टाकलं. मग आमच्या कन्येचा लॅपटॉप बसला. परीक्षा तोंडावर, नवा साठ हजारांचा. काढलं कार्ड, घासलं, झालं! महिन्यानं बिल आलं. सगळ्यात वर, चौकटीत, ठसठशीत अक्षरांत: 'भरावयाची किमान रक्कम: तीन हजार.' आता 'किमान' हे विशेषण, आणि विशेषणं खोडणं हा तर आमचा धंदाच. खोडलं! उरले तीन हजार. मी बायकोला म्हटलं, "बघ, आपण न सांगता हप्ते पाडून दिलेत. किती सज्जन बँक!"

ती म्हणाली, "सज्जन बँक? हे कुठल्या सूत्रांकडून कळलं?"

तुम्हाला सांगतो, बायकोचं ऐकलं असतं तर ही वेळच आली नसती, पण हे वाक्य तिच्यासमोर म्हणायचं नसतं. सात महिने मी भरत राहिलो. दर महिन्याला तीन हजार, आणि तारखेच्या दोन दिवस आधी! डेडलाइन चुकवणं आमच्या रक्तात नाही. मध्ये दोनदा हजार-हजाराचं पेट्रोलही त्याच कार्डावर भरलं. म्हटलं, सज्जनाशी व्यवहार वाढवावा.

मग कन्येला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. फी शुक्रवारपर्यंत भरायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. शैक्षणिक कर्ज काढायचं, जामीन कोण? बाप! सोमवारी कन्येला घेऊन गेलो बँकेत. काचेमागे कन्येपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल अशी एक मुलगी, डोळे स्क्रीनवर, बोटं टकटक टकटक. एकदम थांबली.

"काका, तुमच्या कार्डावर अठ्ठावन्न हजार तीनशे बाकी दिसतेय."

मी हसलो हो! म्हटलं, "अगं, साठ होते. त्यातले एकवीस मी भरले. दोनाचं पेट्रोल धर. एक्केचाळीस होतात. पाचवीतलं पोर सांगेल."

"काका, तुमच्या एकवीसमधले सतरा हजारांच्या वर व्याजात आणि त्यावरच्या करात गेले. महिन्याला साडेतीन टक्के. किमान रक्कम भरली की दंड वाचतो, व्याज नाही वाचत. आणि मागचं बिल पूर्ण भरलं नसेल तर पेट्रोललाही पहिल्या दिवसापासून व्याज."

महिन्याला! साडेतीन! मी उठलोच. असा टेबलावर हात आपटला की दोरीला बांधलेलं पेन उडालं. "उद्या पहिल्या पानावर छापतो! ग्राहकांची उघड लूट!"

ती शांतपणे म्हणाली, "छापा ना काका. आम्ही आधीच छापलंय. बिलाच्या तिसऱ्या पानावर, खाली." आणि मग तो प्रश्न, जो मी तुम्हाला सुरुवातीला सांगितला. महत्त्वाचं वर असतं, म्हणालो, आणि उडालेलं पेन उचलून जागेवर ठेवलं.

शेजारी कन्या पांढरीफटक. एवढंच म्हणाली, "बाबा, शुक्रवार."

मंत्र्यांना घाम फोडलाय मी! त्या दिवशी माझ्या शर्टाची पाठ ओली झाली. ती मुलगी माझा मागचा इतिहास उलगडत होती, मे, जून, जुलै... कर्जबुडव्यांच्या किती याद्या छापल्यात मी, आणि आता माझंच नाव... आणि मग ती म्हणाली, "अरे वा! एकदाही उशीर नाही. म्हणजे तुम्ही थकबाकीदार नाही काका. तुम्ही नुसतेच..." पुढचा शब्द तिनं गिळला. घरी बायकोनं तो पूर्ण केला.

बँकेतली मुलगी पुढे म्हणाली, "फक्त बाकी आज पूर्ण भरा. बाकी नसल्याचं पत्र मी काढून घेते. शुक्रवारी फाइल पास."

मी लगेच युक्ती काढली. "याच कार्डावर रोख काढतो आणि याच कार्डाचं बिल भरतो!" तिनं कपाळाला हात लावला. "काका, रोख काढली की त्या क्षणापासून व्याज, वर शुल्क वेगळं!" मग तिनंच स्क्रीनवर दाखवलं, त्याच बँकेत माझी एफडी घोरत पडली होती. वर्षाला सात टक्क्यांनी! म्हणजे माझेच पैसे बँक वर्षाला सातनं घेत होती आणि मला महिन्याला साडेतीननं वापरायला देत होती! मोडली. भरले. बाहेर आलो तर कन्येनं चक्क रस्त्यात मिठी मारली. सुटलो हो, सुटलो!

आता? आता पूर्ण बिल खात्यातून आपोआप जातं, तारखेच्या आत. बिल निघालं की दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरतो, ते पुढच्या बिलात येतं, दीड महिना पैसे फुकट वापरतो. कार्डावर रोख? नाव काढू नका! परवा व्याजाच्या रकान्यात शून्य आलं, ते बायकोला नेऊन दाखवलं. म्हणाली, "पुरस्कार मिळाला तेव्हाही एवढे खूश नव्हतात." खरं आहे. त्या पुरस्काराचा चेक वटला नव्हता.

पण शुक्रवारचं राहिलंच की! बेचाळीस पानांचा करार समोर आला. "वाचून सही करा हं, काका." म्हटलं, आता फसत नाही. चष्मा पुसला आणि शेवटच्या पानापासून, खालून वर वाचायला लागलो. दोन तास! मागच्या रांगेतले लोक खाकरून खाकरून थकले. कन्या हात जोडायला लागली. आणि अखेर सापडलं! पहिल्याच पानाच्या तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत: मुलीनं भरलं नाही, तर बाप भरेल.

एवढंच? यासाठी दोन तास? अहो, हे तर ती जन्मली त्या दिवशीच मला नर्सनं सांगितलं होतं... केली सही.