हान्सची लेक

महांतप्पा : म्हणून म्हणतो श्रीदेवी, उद्या व्याही यायच्या आत व्हय म्हणून टाक. तुझ्या पासपोर्टावर जावई सोमेशरावांचं नाव, त्यांचं आडनाव. मिटलं.

श्रीदेवी : हळू बोला ना अप्पा. आता कुठं पाळण्यात आरोहीचा डोळा लागलाय.

महांतप्पा : लग्न झालं, नॉर्वेला संसार केला, बाळंतपणाला माकणीला आलीस, तरी बापाचंच नाव लावती. व्याही फोनवर म्हणले, सून आमची हाय का अजून तुमचीच?

श्रीदेवी : लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘उमादेवी’ लिहिलं, तेव्हा मी गप्प बसले. घरात उमा म्हणतात, मी ओ देते. आणखी किती बदलू?

महांतप्पा : रीतच हाय ती. तुझी आई काय जन्मापासून सिद्धम्मा होती?

श्रीदेवी : मग कोण होती?

महांतप्पा : गंगम्मा. तिचा बाप गेला, मग त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंच न्हाय.

श्रीदेवी : हे मला आजवर माहीत नव्हतं. थांबा, माशी बसतीय आरोहीवर. अप्पा, तिकडं आमच्या शेजारी मारितआजी आहेत. त्यांचं आडनाव म्हणजे त्यांच्या शेताचं नाव.

महांतप्पा : शेताचं? आन् वाटणी झाली की?

श्रीदेवी : शेत सोडून दुसरीकडं गेलं की नावही बदलायचं. शिवाय बापाचं नाव असायचं. हान्सचा मुलगा तो हान्सेन. दर पिढीला नवं. शंभरेक वर्षांमागं कायदा आला, कायमचं एक काहीतरी धरा. मारितआजींच्या घरानं शेताचं धरलं.

महांतप्पा : आपलं उलटं. पणजा जळकोट सोडून इथं आला, तवा जळकोटे झाला. जळकोटात त्याला जळकोटे कोण म्हणतंय!

श्रीदेवी : आणि मुलगी हान्सदत्तर. हान्सची लेक. लग्नानंतरही तेच नाव.

महांतप्पा : आन् सासरा गप बसायचा?

श्रीदेवी : त्याची बायकोही कुणाची तरी लेकच की.

महांतप्पा : लई शिकलीस. पण विमानतळावर कुणी इचारलं, आईचं आडनाव येगळं, लेकराचं येगळं, तर?

श्रीदेवी : त्याच भीतीनं झोप लागत नाही मला. जन्मदाखल्याची प्रत प्रत्येक पिशवीत घातलीय, तिच्या दुपट्यातसुद्धा.

महांतप्पा : मग बदल की बाई!

श्रीदेवी : बदललं तर भीती जाईल. पण तुम्हाला मी एकटीच आहे, अप्पा. माझ्या नावातनं गेलात तर तुम्ही राहणार कुठं?

महांतप्पा : (पाळण्याकडं बघत) माझं काय ठिवलंय आता.

श्रीदेवी : मारितआजींनी त्यांच्या पणजीचं थडगं दाखवलं. नवऱ्याच्या शेजारीच आहे. दगडावर लिहिलंय, कारी, हान्सची लेक.

महांतप्पा : पुरतात व्हय? आपल्या लिंगायतांवानी?

श्रीदेवी : हो.

महांतप्पा : आपलं नाव राहिलं, हे त्या हान्सला कळलं असंल का?

श्रीदेवी : तो कधीच गेला असेल, अप्पा.

महांतप्पा : (पाळण्याची दोरी हातात घेत) उद्या तू आत बस. व्याह्यांशी नावाचं म्या बोलतो.

श्रीदेवी : काय बोलणार?

महांतप्पा : हाय तेच राहू द्या म्हणंन. आता तू हळू बोल, पोरीचा डोळा लागलाय.